हाताला न लागलेलं

"तू बघ बरं एकदा हात लावून," असं म्हणत अक्कांनी माजघराचं दार लोटलं आणि कडी घातली.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बेळगावातल्या वडगावच्या या घरात आम्ही दोघींनी शेजारी बसून भाकऱ्या थापल्या, एकमेकींची बाळंतपणं काढली, दुखत्या पाठींना तेल लावलं. पण अशी वेळ कधी आली नव्हती. त्यांनी ब्लाउजची बटणं काढली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर आषाढाचा पाऊस लागून राहिला होता आणि शेजारच्या घरातला पॉवरलूम खडखडत होता. मी नुकतीच भांडी घासून उठलेली, हात गार. त्या दचकल्या, पण बोलल्या काही नाहीत. "वरती, बगलेच्या अंगाला," एवढंच म्हणाल्या. मी चाचपून पाहिलं. वयानं सैलावलेलं मऊ अंग आणि त्याखाली बरगडी. पुन्हा एकदा, जरा दाबून पाहिलं. "लागलं काय काही?" "नाही हो अक्का." "मग?"

तो 'मग' त्यांनी अशा काही तोऱ्यात उच्चारला, की आम्ही दोघींनी मिळून कुणाला तरी खोटं पाडलं होतं. माझ्या डोक्यातून तो पुढं कितीतरी दिवस गेला नाही. कारण मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, रिपोर्ट खोटा नव्हता आणि आमचे हातही खोटं सांगत नव्हते.

अक्कांच्या हाताला न लागणारी गोष्ट असू शकते, हेच मुळात आमच्या घरात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. त्या खासबागेतल्या विणकराच्या घरातून इथं आल्या. माहेरी हातमाग, सासरीही आधी हातमागच. पॉवरलूम मागाहून आले. कांड्या भरायच्या, ताण्यातला तुटलेला तार शोधून सांधायचा, हे त्यांनी शाळेत जायच्या वयापासून केलेलं. साडी मागावरून उतरली की मामंजी ती अक्कांच्या मांडीवर टाकायचे. त्या कुणाशी तरी बोलत, नजर भलतीकडे ठेवून नुसती बोटं फिरवत जायच्या आणि एका जागी थांबायच्या. तिथं हमखास गाठ असायची, नाहीतर तार सुटलेला. लाईट गेली तरी त्यांचं काम अडायचं नाही. शहापुरातल्या व्यापाऱ्यानं खोड काढून भाव पाडायच्या आधी ती खोड घरातच सापडलेली असायची. अशा बाईला कुणी सांगितलं, की तुमच्याच अंगात काहीतरी आहे आणि तुमच्या बोटांना ते कळणार नाही, तर भीतीच्या आधी तिला अपमान वाटतो. अक्कांना तसाच वाटला. भीती नंतर आली, रात्री, आणि ती त्यांनी मला सांगितली नाही. त्यांच्या सुनेनं सांगितली.

सुरुवातही उलटीच झाली होती. दुखत होतं ते डाव्या बाजूला. मी विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे घरातली दवाखान्याची कामं आपोआप माझ्याकडे. आधार कार्ड दाखवून आम्ही बसनं मॅमोग्राफीला गेलो. २०२३ साली बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून अक्का रिक्षाचं नाव काढत नाहीत. यंत्रावरची मुलगी कन्नडच बोलणारी. दोन थंड तक्त्यांमध्ये स्तन दाबून धरायचा आणि ती आतून सांगायची, "अळ्ळाडब्याड्री... उसिरु हिडीरी... हां, बिडरी." अक्कांचं कन्नड बाजारापुरतं, श्वास धरण्या-सोडण्यापुरतंही ते पुरलं. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका. डावीकडे काहीच निघालं नाही. छातीतलं नुसतं दुखणं बहुतेक वेळा कॅन्सरचं नसतं, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या तोवर आमच्या जिवात जीव आला होता, अक्का पिशवीतून छत्री काढूही लागल्या होत्या. तेवढ्यात बाईंनी उजवीकडचा फोटो पडद्यावर लावला.

राखाडी पडद्यावर वरच्या कोपऱ्यात पांढरे बारीक ठिपके होते, मीठ सांडल्यासारखे. त्यांनी तो भाग मोठा करून दाखवला. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक कण, कॅल्शियमचे. दुधाच्या नळ्यांमध्ये पेशी वाढतात, मरतात, त्या जागी असा चुना साठतो. कधी ते निव्वळ वयाचं असतं, कधी एखाद्या जुन्या निरुपद्रवी गाठीचं आणि कधी नळीच्या आतच अजून कोंडून असलेल्या कॅन्सरचं. एका सेंटिमीटरच्या आत असे ५ किंवा जास्त कण जमले की त्याला पुंजका म्हणायचं आणि मग प्रत्येकाचा आकार बघायचा. गोल, मोठे, एकसारखे असले तर बहुधा सोडून देतात. बारीक, वेडेवाकडे, फाटे फुटत ओळीनं गेलेले असले तर अजिबात सोडत नाहीत. अक्कांचे मधलेच होते. रिपोर्टवर बायरॅड्स ४बी अशी संशयाची पायरी लिहून आली, म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता १० टक्क्यांच्या वर आणि ५० टक्क्यांपर्यंत. "हवामान खातंसुद्धा याच्यापेक्षा नेमकं सांगतंय," आमचे थोरले दीर म्हणाले.

बेळगावात मोठं दुखणं आलं की रोग कुठला याच्याआधी गाव कुठलं याची चर्चा होते. कोल्हापूरला न्यायचं, हुबळीला, गोव्याला, की सरळ मुंबईला टाटात. त्या रात्री कुणीतरी मिरजेचं नाव काढलं आणि जेवणारी माणसं गप्प झाली. मिरज म्हणजे आमच्या घरात आत्याबाई. मामंजींची बहीण, खानापूर तालुक्यात दिलेली. त्यांची गाठ हाताला चांगली लागत होती आणि त्यांनी ती वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. न्हाणीघरात रोज चाचपून बघायच्या म्हणे, कमी झाली का. कातडी आत ओढली गेली तेव्हा सुनेच्या नजरेला पडलं. मिरजेला सगळा स्तन काढला, बगलेतल्या गाठींसकट. त्यानंतर त्या चोळीत धुतल्या लुगड्याच्या तुकड्याची घडी घालायच्या. रोप लावायला वाकलं की ती घडी खाली सरकायची आणि त्या सगळ्यांदेखत हसत हसत ती पुन्हा वर सारायच्या. मी तेव्हा नवी सून, मला कुठं बघावं ते कळायचं नाही. त्याच सुमाराला तिकडं अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी हे दोन सर्जन वेगळंच काही तपासत होते. २००२ साली दोघांचे वीस-वीस वर्षांचे निकाल एकाच वेळी छापून आले. गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढून नंतर किरणं दिली काय आणि अख्खा स्तन काढला काय, बाईच्या आयुष्याच्या लांबीत फरक पडत नाही. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. आणि त्यांची गाठ तरी लहान कुठं होती.

आमचे सर्जन तरुण, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं, अशा वेळी शक्यतो आधी यंत्राखाली सुईनं तुकडा घेऊन तपासतात. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल. नाहीतर इथंच, त्या जागेपर्यंत एक तार घालून तेवढा भाग काढता येईल आणि तोच तपासायला पाठवता येईल. कॅन्सर निघाला तर काढलेल्या तुकड्याच्या कडा बघायच्या. नळीतलाच कॅन्सर असेल तर चारी बाजूंनी २ मिलिमीटर तरी निर्मळ मांस सुटलेलं हवं, नसलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. यावर थोरले दीर म्हणाले, "म्हणजे सीमेचं प्रकरण. लवकर निकाल लागायचा न्हाई." फक्त अक्का हसल्या. मग त्यांनी सर्जनना विचारलं, "कापताना तुम्हाला तरी लागंल न्हवं हाताला?"

"नाही. मलाही लागणार नाही."

अक्कांनी तिथल्या तिथं होकार दिला. मिरज नाही, मुंबई नाही, इथंच. मला हे अजब वाटलं होतं. खात्री देणारा डॉक्टर सगळ्यांना हवा असतो आणि हा तर सांगत होता की मी आंधळेपणानं हात घालणार आहे, दुसऱ्या कुणी ठेवलेल्या खुणेवर विसंबून. पण अक्कांना मनासारखं काहीतरी मिळालं होतं. शिकल्यासवरल्या माणसाच्या बोटांनाही जे कळत नाही, ते आपल्या बोटांना कळलं नाही यात कमीपणा नव्हता. मंगाईची जत्रा तोंडावर आली होती, घर पाहुण्यांनी भरणार होतं. त्यांनी तारीख जत्रेनंतरची मागून घेतली. सर्जन म्हणाले, चालेल, एवढी घाई नाही. जत्रेदिवशी अक्कांनी सगळ्यांना मटण वाढलं, लेकींच्या ओट्या भरल्या आणि एकाही पाहुणीला काही कळू दिलं नाही.

तार घालायची ती सकाळी, उपाशीपोटी, ऑपरेशनच्या दिवशीच. मला काचेच्या आड, टेक्निशियन मुलीशेजारी उभं राहू दिलं. अक्कांना यंत्रासमोर खुर्चीत बसवलं होतं. या वेळचा वरचा तक्ता वेगळा, त्याला मधोमध चौकोनी खिडकी कापलेली आणि खिडकीच्या एका काठाला अक्षरं, दुसऱ्या काठाला आकडे. स्तन त्यात दाबून फोटो घेतला की ठिपक्यांचा पुंजका कुठल्या अक्षरासमोर आणि कुठल्या आकड्यासमोर येतो ते वाचायचं. मी मुलांना आलेखावर बिंदू मांडायला शिकवत आले. एका बाईच्या अंगावर तो मांडताना पहिल्यांदा पाहिला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून कातडी पुसली, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि मग लांब सुई सरळ खाली घातली. पण वरून दाबलेल्या फोटोत लांबी-रुंदी कळते, खोली नाही. म्हणून सुई तशीच ठेवून दाब हळूहळू सोडायचा, यंत्र फिरवायचं आणि बाजूनं पुन्हा दाबायचं. तेवढा वेळ ती बाई अंगात सुई घेऊन बसलेली. अक्कांचा चेहरा पांढरा पडत चालला. पुष्कळ बायकांना या वेळी चक्कर येते, असं त्या मुलीनं मला हळूच सांगितलं आणि ती पाणी घेऊन आत धावली. अक्का पडल्या नाहीत. यंत्राचा दांडा धरून, डोळे मिटून, ओठ हलवत राहिल्या. मला वाटलं मंगाईचं नाव घेतायत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, आकडे मोजत होते, ताण्याचे मोजतात तसे.

सुईच्या पोकळीतून बारीक पोलादी तार जाते. तिच्या टोकाला मुडपलेला आकडा असतो, सुईत असेपर्यंत तो मिटलेला राहतो आणि टोकाबाहेर पडला की उघडून मांसात रुततो. मग सुई काढून घेतात. तार आत राहते, तिचं दुसरं टोक बाहेर. बाहेरचं टोक गुंडाळून वर चिकटपट्ट्या लावल्या, आणखी दोन फोटो काढले, आणि त्या फोटोंवर बाईंनी सर्जनसाठी पेनानं खुणा केल्या.

मग आम्हाला ओटीपर्यंत, म्हणजे ऑपरेशन थिएटरपर्यंत जायचं होतं. दुसरी इमारत, मधला लांब पॅसेज, लिफ्ट. या वेळेबद्दल कुणी काही सांगत नाही. आधीचं सांगतात, नंतरचं सांगतात. अंगात तार असलेली बाई चाकाच्या खुर्चीत बसून, वर माझी शाल पांघरून, लिफ्टची वाट बघत थांबली होती आणि लिफ्टमधून डबे, थर्मास, कुणाचं तरी नवं बाळ असं सगळं उतरत होतं. फिनेलचा वास आणि कँटीनमधल्या कांद्याच्या भज्यांचा वास एकत्र. "दुखतंय का हो?" "न्हाई. पण तिथं काहीतरी हाय असं पहिल्यांदा वाटतंय बघ." इतके दिवस त्यांच्या शरीराला ज्याचा पत्ता नव्हता, त्याच्या जागी आता तार होती, आणि ती कळत होती. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एकजण समोर. अगं बाई, तुम्ही इकडं? "जरा बीपी वाढलंय गं. तपासायला आलोय," अक्का पटकन म्हणाल्या. तिनं मायेनं उजव्या खांद्यावर हात टाकायला हात उचलला; मी तो वरच्या वर धरला आणि मुलीचं कुठं जमलं का, असं काहीतरी विचारत राहिले. तिला माझ्या अचानक जिव्हाळ्याचं नवल वाटलं असणार. लिफ्टचं दार लागलं तसं अक्का एवढ्या जोरात हसायला लागल्या की मलाच भीती, तार हलते की काय. हे हसणं मला अजून उलगडलेलं नाही. आत्याबाईंचं ते घडी सारतानाचं हसणं मला तेव्हाच आठवलं, पण दोन्ही सारखी होती असं नाही म्हणवत.

ओटीबाहेरच्या बाकावर बसून मी फोनवर या तारेची गोष्ट वाचत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. १९१३ साली बर्लिनमध्ये आल्बर्ट सालोमोन नावाच्या सर्जननं ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे एक्स-रे घेतले होते आणि त्यात हे बारीक ठिपके टिपून ठेवले होते. पुढं ज्यू म्हणून त्याची प्राध्यापकी गेली, छळछावणीतून तो सुटला. त्याची चित्रकार मुलगी मात्र ऑशविट्झला मारली गेली. ठिपके दिसायला लागले तशी नवी पंचाईत झाली असणार. फोटोत दिसतं, पण कापायला घेतलं की ना डोळ्याला दिसतं ना हाताला लागतं, मग अंदाजानं किती मांस काढायचं? १९७६ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक, हॉल आणि स्टीअर या तिघांनी आकड्याची तार वापरून दाखवली. आता परदेशात ताराही जुन्या व्हायला लागल्यात. तांदळाच्या दाण्याहून बारीक असा चुंबकीय दाणा, नाहीतर आयोडीन-१२५चा किरणोत्सारी दाणा आधीच्या एखाद्या दिवशी आत ठेवतात आणि सर्जन वरून यंत्र फिरवून तो हुडकतो. मग लिफ्टपुढं शाल पांघरून थांबायला नको. आमच्याकडे अजून तारच, आणि ती मिळाली यातही नशीब होतं.

ओटीचं दार उघडलं ते मी आयोडीनचं वाचत असतानाच. हिरव्या कपड्यातल्या सिस्टरच्या हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा. "पेशंटबरोबर कोण? मामांबरोबर एक्स-रेला जावा. पळा." वॉर्डातले मामा डबा घेऊन पुढं आणि मी मागं, त्याच पॅसेजमधून उलटी. काढलेला भाग फोटोखाली घालून बघायचा असतो, ठिपके खरंच त्यात आलेत का. तोवर अक्का आत भुलीखाली, जखम उघडी, सर्जन थांबलेले. लिफ्ट वर गेलेली, म्हणून आम्ही उताराच्या रॅम्पनं धावलो. मॅमोग्राफीच्या खोलीत मामांनी झाकण काढलं. पिवळसर चरबीचा, कुठं कुठं लालसर असा पाचेक सेंटिमीटरचा तुकडा, त्यातून बाहेर आलेली तार, आणि दोन काळे टाके. आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा बगलेच्या बाजूला, म्हणजे तुकडा बाहेर काढल्यावरही त्याची वरची बाजू कुठली, बाहेरची कुठली हे हरवत नाही. मला मळमळेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मला विचित्र ओढ वाटली. हे अक्कांचं होतं, सकाळपर्यंत त्यांच्या अंगाला चिकटून होतं आणि अजून गार झालं नसावं.

पडद्यावर तार उमटली, तिचा उघडलेला आकडा, आणि त्याच्या अगदी कुशीत ते पांढरे कण. डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या टोकानं मोजले, जुन्या फोटोशी ताडून पाहिले आणि ओटीला फोन केला. "आले सगळे. शिवा." मामा मला म्हणाले, चहा घ्या आता. नंतर तोच डबा फॉर्मालिन घालून पॅथॉलॉजीला गेला. तिथं तुकड्याच्या सहा बाजूंना सहा रंगांची शाई लावतात आणि मग तो चिरतात, म्हणजे भिंगाखाली कुठली कड कुठली ते कळावं.

रिपोर्ट यायला लागले ते दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आला तेव्हा त्यात कॅन्सर नव्हता. 'काहीही नव्हतं' असंही नव्हतं. नळीतल्या पेशी संख्येनं वाढलेल्या आणि वळणानं बिघडू लागलेल्या, डॉक्टरी भाषेत अटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया. अशा बायकांना पुढं कधीतरी कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या चौपट असतो, आणि तो दोन्ही बाजूंना असतो. दरवर्षी मॅमोग्राफी करा, धोका कमी करायला टॅमॉक्सिफेनची गोळी घ्यायची का ते सावकाश ठरवू, असं सर्जन म्हणाले. माझ्या पुतण्यानं येताना कुंदा आणला होता. तो खाता खाताच त्यानं विचारलं, "म्हणजे उगीचच कापलं म्हणा की." मग जे भांडण झालं ते अजून अर्धवट आहे. थोरले दीर म्हणाले, कळलं म्हणून बरं झालं. पुतण्या म्हणाला, न कळलं असतं तर काय बिघडलं असतं, कदाचित काहीच नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि विज्ञानाच्या बाईनं काहीतरी निवाडा द्यावा म्हणून दोघं माझ्याकडे बघत होते. मला देता आला नाही. अशा शंभर बायकांत कुणाचं पुढं काय होणार हे सांगता येतं, एकीचं सांगता येत नाही. अक्का खाली मान घालून कुंदा वाटत होत्या. वाटून झाल्यावर म्हणाल्या, "माझं मला कळंना झालंय, तुम्ही कशाला भांडूलालाय?"

त्यांच्या बोटांचं मात्र काहीतरी झालं. पूर्वी कपड्याच्या दुकानात गेल्या की साडीचं पोत बघितल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. आता पिंपातले तांदूळसुद्धा चष्मा लावून बघतात. मी हे कुणाला बोलले नाही. वयही झालंय, असेल तसंही.

आणि तरी हातावरचा विश्वास अगदी टाकून द्यावा, असं माझं मन घेत नाही. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं चालवलेल्या अभ्यासाचे निकाल २०२१ साली आले. त्यात यंत्र नव्हतंच. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ठराविक काळानं हातानं तपासायचं, इतकंच. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना तसा फायदा दिसला नाही. आमच्या खानापूरच्या जंगलपट्टीतल्या वाड्यांवर मॅमोग्राफीचं यंत्र काही उद्या जाणार नाही. तिथं आत्याबाईंची गाठ हातालाच लागणार आहे, प्रश्न ती वेळेवर दुसऱ्या कुणाच्या हाताला लागते का एवढाच. अक्कांची गोष्ट निराळी आहे, यंत्रापर्यंत पोचलेल्या बाईची आहे. ती ऐकून कुणी हातानं बघणंच सोडलं तर ते वाईट होईल. आणि ती न सांगणं हेही मला पटत नाही.

हा पेच परवा देवळाच्या हॉलमध्ये भर सभेत उभा राहिला. आशाताईंनी गल्लीतल्या बायकांना जमवून स्तन स्वतः कसा तपासायचा ते दाखवलं, पदरावरून, गोल गोल हात फिरवत. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्तासारखं काही आलं तर लगेच यायचं," त्यांनी समारोप केला. पहिल्या रांगेतून अक्कांनी विचारलं, "आणि काहीच न्हाई लागलं तर?" आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ करून वय, घरातला इतिहास, धोक्याचं प्रमाण असं सुरू केलं होतं, तोवर अक्का उठल्या. "तू बस. मी सांगतो ह्यांना." आणि ज्या बाईनं जत्रेत मटण वाढताना अवाक्षर काढलं नव्हतं, तिनं सगळं सांगितलं. थंड तक्ते, कन्नडमधला श्वास, अक्षरं आणि आकडे, तार, बीपीची थाप. ती थाप जिला मारली होती ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळा हॉल हसला. हसू ओसरल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "पण अक्का, पैसे किती पडतात त्या फोटोला?"

"दोन हजाराच्या मागंपुढं," अक्का म्हणाल्या. "उपाशी जायला लागत न्हाई. बगलेला पावडर लावून जाऊ नका, ती बाई वरडती. आणि आधार कार्ड घ्या, बसला पैसे न्हाईत."